बासनात गुंडाळलेला ठेवा : विद्यापीठ ग्रंथालयांतील दुर्मीळ ग्रंथ आणि त्यांच्या बांधण्या

एखादा विषय कायमचा बाजूला सारला गेला, की तो 'बासनात गुंडाळला' असे आपण म्हणतो. एखाद्या ठरावाची वाट लागली, की त्याला 'हरताळ फासला' असे म्हणतो. हे दोन्ही वाक्प्रचार पोथीच्या जगातून आले आहेत, याचा आता बहुतेकांना विसर पडला आहे. बासन म्हणजे पोथी बांधून ठेवण्याचे वस्त्र. हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे एक खनिज. चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक त्याचा लेप देत. त्या काळी बासनात गुंडाळणे म्हणजे टाकून देणे नव्हते, जपून ठेवणे होते. अर्थ उलटा झाला, तो पोथ्यांशी आपला रोजचा संबंध सुटल्यावर.

हा संबंध पुन्हा जोडायचा असेल, तर आज विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे वळावे लागते. तेथील दुर्मीळ विभाग सर्वसाधारण वाचकाला अपरिचित असतात. त्यातही ग्रंथाची बांधणी, म्हणजे त्याचा कागद, शिलाई, पुठ्ठा आणि वेष्टण, हा विषय अभ्यासकांकडूनही दुर्लक्षित राहतो. ग्रंथातील मजकुराची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. बांधणी मात्र त्या एका प्रतीचीच असते. ती गेली की तिच्याबरोबर त्या प्रतीचा इतिहासही जातो. नीरेच्या काठावरील अकलूज आणि माळशिरस तालुक्यातील वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची ही ओळख.

पोथीचे शरीर

आपल्याकडील जुना ग्रंथ म्हणजे प्रामुख्याने पोथी. पोथीला शिलाई नसते. लांबट, आडव्या आकाराची सुटी पत्रे एकावर एक रचलेली असतात. वर आणि खाली लाकडाच्या पाट्या किंवा जाड पुठ्ठे ठेवून सर्व पत्रे वस्त्रात गुंडाळली जातात व दोरीने आवळून बांधली जातात. पोथीत पृष्ठांऐवजी पत्रे मोजली जातात. एका पत्राच्या दोन्ही बाजू मिळून एकच क्रमांक असतो. हे ठाऊक नसलेला वाचक पोथीची पृष्ठसंख्या हटकून निम्मी धरतो.

कागद हाताने बनवलेला असे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही महाराष्ट्रातील कागदाची नावाजलेली ठिकाणे होती. हा कागद चिंध्या, ताग यांसारख्या धाग्यांच्या लगद्यापासून तयार होई, खळ लावून आणि घोटून गुळगुळीत केला जाई. शाई काजळी व डिंक यांची असे. काजळीला उजेडाने सहसा रंगबदल होत नाही. म्हणूनच दोन-तीनशे वर्षांपूर्वीची पोथी आजही काळीभोर वाचता येते. हरताळ हे सोमलाचे संयुग आहे, म्हणजे विषारी आहे. चूक झाकण्याबरोबरच किडीला दूर ठेवण्याचे कामही ते करी.

पोथीच्या वेष्टणात चामडे सहसा आढळत नाही. धार्मिक ग्रंथाला चामड्याचा स्पर्श नको, ही भावना त्यामागे होती. त्यामुळे लाकूड, कापड आणि सुती दोरा हीच पोथीची साधने राहिली. कीड लागू नये म्हणून वेखंड, कडुनिंबाचा पाला किंवा कापूर बासनात ठेवण्याची प्रथा घरोघर होती.

पोथीखेरीज दुसरा प्रकार म्हणजे बाड. घड्या घालून शिवलेल्या वहीसारखी ही बांधणी असे. कीर्तनकार, वारकरी आणि रामदासी यांना अभंग, पदे, आख्याने सोबत घेऊन हिंडावे लागे. सुटी पत्रे प्रवासात विखुरतात. बाड काखेत मारून चालता येते. पंढरपूरच्या वाटेवरील आपल्या भागात संतसाहित्याच्या बाडांची परंपरा नांदली, ती या गरजेतून. बांधणीचा आकार असा वाचकाच्या पायांशीही जोडलेला असतो.

तिसरा प्रकार सरकारी आणि घराण्यांच्या कागदपत्रांचा. हे कागद चौकोनी वस्त्रात बांधले जात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि अशा रुमालांच्या संग्रहाला दप्तर. पुण्यातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे असे हजारो रुमाल आहेत. शाळकरी मुलाच्या पाठीवर आज जे दप्तर असते, त्याचे नाव येथूनच आले.

दख्खनमधील चामडी बांधणी

सोलापूर जिल्ह्याची सीमा विजापूरला भिडते आणि तेथे ग्रंथबांधणीची वेगळी परंपरा नांदत होती. आदिलशाही दरबारातील फारसी व अरबी ग्रंथ शिवलेले असत, त्यांना चामड्याचे पुठ्ठे असत आणि डावीकडच्या पुठ्ठ्याला पाकिटाच्या झाकणासारखी एक पट्टी जोडलेली असे. ग्रंथ मिटल्यावर ही पट्टी पानांच्या कडेवरून वळून पुठ्ठ्याखाली जाई. त्यामुळे पानांच्या कडा धुळीपासून सुरक्षित राहत आणि वाचनखूण म्हणूनही तिचा उपयोग होई. पुठ्ठ्याच्या मध्यभागी बदामाच्या आकाराचा ठसा, चार कोपऱ्यांत वेलबुट्टी आणि त्यावर सोन्याचे काम ही या बांधणीची ओळख.

पाण्यावर रंग तरंगवून कागदावर ढगांसारखी नक्षी उमटवण्याची अबरी कला दख्खनमध्ये सतराव्या शतकात इतकी विकसित झाली, की अबरीतून संपूर्ण चित्रे बनवली गेली. पुढे युरोपीय बांधणीच्या पुस्तकांतही पुठ्ठ्याच्या आत अबरी कागद दिसू लागला. मुंबईत बांधलेल्या एकोणिसाव्या शतकातील सरकारी ग्रंथांत तो आजही पाहायला मिळतो.

१६८६ साली विजापूर मोगलांच्या हाती पडले. त्यानंतर औरंगजेबाचा मुक्काम दख्खनमध्येच राहिला; १६८९ साली त्याची छावणी अकलूजला होती. विजापूरच्या राजग्रंथालयातील ग्रंथांपैकी जे आसार महालात उरले होते, ते चारशेहून अधिक ग्रंथ कंपनी सरकारने १८५३ साली लंडनला नेले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील ग्रंथसंपदा पाहण्यासाठी अभ्यासकाला साता समुद्रापलीकडे जावे लागते, ही खंत आहेच. ते ग्रंथ शाबूत आहेत आणि त्यांची सूची छापली गेली आहे, हेही तितकेच खरे.

छापखाना आला आणि बांधणी बदलली

भारतात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हा ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरहून तो पुन्हा छापला गेला. छापील ग्रंथ नष्ट व्हावा आणि हाताने लिहिलेल्या नकला टिकाव्यात, हे उदाहरण छपाईला अमरत्व मानणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गोव्यातील सोळाव्या शतकातील मराठी व कोंकणी कथांची रोमन लिपीतील हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सापडली. ते ग्रंथालय आज मिन्हो विद्यापीठाशी संलग्न आहे. एका परदेशी विद्यापीठाच्या कपाटात आपल्या भाषेचा एक प्राचीन नमुना सुरक्षित राहिला, तो असा.

देवनागरी छपाईचा आरंभ दोन-तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा मराठी शब्दकोश १८१० साली छापला गेला. त्यातील मराठी शब्द चक्क मोडी खिळ्यांनी छापलेले आहेत. मिरज येथे १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्यात आली. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनीही त्याच सुमारास आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना चालवला. सरफोजीराजांनी युरोपातून मागवलेल्या हजारो पुस्तकांचा संग्रह आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. त्यांतील अनेक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. ती नसती, तर ही पुस्तके राजांनी स्वतः हाताळली होती, हे ठामपणे सांगता आले नसते.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. त्यांच्या छापखान्याची हकीकत गोविंद नारायण माडगावकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथात येते. छापलेल्या कागदाला शिवावे की नाही, असा प्रश्न त्या काळातील सोवळ्या मंडळींना पडत असे. याचा परिणाम असा, की छपाई आली तरी धार्मिक ग्रंथांचे रूप पोथीचेच राहिले. आडवी सुटी पत्रे, तांबड्या रेघांची चौकट आणि कापडी बासन हे सर्व छापील पोथ्यांत कायम राहिले. शालेय पुस्तके, कोश आणि कायद्याचे ग्रंथ मात्र युरोपीय पद्धतीने शिवून, पुठ्ठा घालून निघू लागले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तोही याच पद्धतीने. एकाच शहरात, एकाच दशकात ग्रंथाची दोन शरीरे शेजारी शेजारी नांदत होती.

अगदी आरंभीच्या काळातील मुद्रित ग्रंथांना मराठीत 'दोलामुद्रिते' असा सुंदर शब्द आहे. मुद्रणकला पाळण्यात असतानाचे ग्रंथ, असा त्याचा अर्थ. युरोपात ही मर्यादा १५०० सालापर्यंत धरतात. मराठीपुरती ती साधारणतः १८६७ सालापर्यंत धरली जाते. त्या वर्षी छापखाने व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि पुढील पुस्तकांची सरकारी नोंद होऊ लागली. त्याआधीच्या मराठी पुस्तकांचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष शिल्लक असलेली प्रत. म्हणून अशा प्रत्येक प्रतीचे मोल अधिक.

चार विद्यापीठे, चार ग्रंथालये

सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याचे विद्यापीठ गेल्या दीडशे वर्षांत तीन वेळा बदलले. प्रारंभी मुंबई, १९४९ नंतर पुणे, १९६२ नंतर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठ. या चारही ठिकाणच्या ग्रंथालयांकडे आपला वारसा म्हणून पाहण्याचा हक्क या भागातील वाचकाला आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. आईच्या नावाने उभा राहिलेला हा राजाबाई मनोरा व त्याला लागून असलेली ग्रंथालयाची इमारत १८७८ साली पूर्ण झाली. वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता लंडनहून आराखडे पाठवले होते. रंगीत काचांच्या खिडक्या असलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार २०१५ साली पूर्ण झाला.

या ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची हा आदर्श नमुना मानावा लागेल. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली व ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ साली सिद्ध केली. कायदेपंडित आसफ फैजी यांनी दिलेल्या इस्माइली हस्तलिखितांची सूची १९६५ साली निघाली. वर्णनात्मक सूचीत केवळ नाव व लेखक नसतो. पत्रांची संख्या, आकार, दर पृष्ठावरील ओळी, लिपी, कागदाची अवस्था, आरंभ, शेवट, लेखनिकाचे नाव आणि काळ यांची नोंद असते. अशी सूची हाती असली, की कपाट न उघडताही अभ्यासकाला ग्रंथ ओळखता येतो. एखादा ग्रंथ गहाळ झालाच, तर तो होता याचा पुरावाही तीच देते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय हे तेथील मुख्य ग्रंथालय. पुण्यातील जुन्या ग्रंथांचा मोठा साठा मात्र विद्यापीठाबाहेर आहे. ब्यूलर, कीलहॉर्न आणि रा. गो. भांडारकर आदी विद्वानांनी सरकारसाठी गोळा केलेली हस्तलिखिते पूर्वी डेक्कन कॉलेजात होती. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यानंतर ती तेथे हलवण्यात आली. या संग्रहातील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिपटावर नोंद केली. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला आणि ग्रंथांची व हस्तलिखितांची मोठी नासधूस झाली. त्यानंतर अनेक दिवस सामान्य नागरिक तेथे येऊन विखुरलेली पाने वेचत, जुळवत बसले होते. सुटी पत्रे पुन्हा क्रमाने लावणे किती कठीण असते, याचा अनुभव त्या वेळी अनेकांनी घेतला.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे हस्तलिखितांचा स्वतंत्र संग्रह आहे. १९६२ ते २००४ अशी बेचाळीस वर्षे सोलापूर जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेत होता. जिल्ह्यातील आज निवृत्तीला टेकलेल्या बहुतेक प्राध्यापकांच्या पदव्या तेथल्याच आहेत.

१ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. नव्या विद्यापीठाकडे शतकाचा जुना साठा नसणार, हे उघड आहे. पण त्याच्या अवतीभवती पंढरपूरचे मठ आहेत, मंगळवेढ्याची संतपरंपरा आहे, वेळापूरचे यादवकालीन मंदिर व शिलालेख आहेत. सोलापुरातील जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून आ. ने. उपाध्ये, हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांकडून हस्तलिखितांवर आधारलेल्या चिकित्सक आवृत्त्या तयार करवून प्रसिद्ध केल्या. जिल्ह्यात हस्तलिखितांचे काम झाल्याचा हा भक्कम दाखला आहे. नव्या ग्रंथालयाचा दुर्मीळ विभाग जिल्ह्यातील घरे आणि मठ यांतूनच उभा राहू शकतो.

बांधणी काय सांगते?

जुना ग्रंथ हाती आला, की प्रथम मजकूर न वाचता त्याचे शरीर पाहावे. उजेडासमोर कागद धरला, तर हातकागदाच्या गाळणीच्या रेषा दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पसरू लागला. त्यात आम्ल असते. असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. म्हणून १८३० सालचे पुस्तक ठणठणीत आणि १९३० सालचे मोडकळीस आलेले, असे दृश्य प्रत्येक जुन्या ग्रंथालयात दिसते. चामड्याच्या बांधणीलाही आजार होतो. चामडे सुटून त्याची तांबूस भुकटी हाताला लागते. अशा ग्रंथाला तेल चोळू नये. तो कागदी वेष्टनात ठेवावा.

नंतर शिलाई पाहावी. पुस्तकाचे फर्मे घडी घालून, घडीच्या मधोमध दोरा ओवून एकमेकांशी शिवले असतील, तर ती जुजबंदी. असे पुस्तक सपाट उघडते. फर्म्यांच्या कडेला आरपार टोचे मारले असतील, तर ते नीट उघडत नाही आणि जोर दिल्यास कडेशी फाटते. कित्येक जुन्या पुस्तकांची मूळची जुजबंदी काढून दुरुस्तीच्या नावाखाली टोचे मारले गेले आहेत.

पुठ्ठ्याचा आतला भाग हा तर खजिनाच. जुने बांधणीकार पुठ्ठा जाड करण्यासाठी रद्दी कागद एकमेकांवर चिकटवत. युरोपात अशा पुठ्ठ्यांतून पूर्वी अज्ञात असलेल्या हस्तलिखितांचे आणि मुद्रितांचे तुकडे निघाले आहेत. आतल्या कोऱ्या पानांवर मालकाचे नाव, किंमत, भेटीची तारीख, वाचनालयाचा शिक्का आढळतो. कुटुंबातील जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यासाठीही पोथीचे शेवटचे पत्र वापरले जाई.

काळ ठरवण्यासाठी पोथीच्या अखेरची पुष्पिका महत्त्वाची. तेथे शक, संवत्सराचे नाव, तिथी, गाव आणि लेखनिकाचे नाव असते. शकात ७८ मिळवले, की इसवी सन मिळतो. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, त्यापुढच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, शके १७५३ म्हणजे १८३१. त्या वर्षीचा संवत्सर 'खर' होता. साठ संवत्सरांचे चक्र असल्यामुळे शकाचा एखादा अंक कसरीने खाल्ला असला, तरी संवत्सराच्या नावावरून तो भरून काढता येतो. शक आणि संवत्सर जुळत नसतील, तर नकलाकाराची चूक किंवा बनावट पुष्पिका यांचा संशय घ्यावा.

अनेक पुष्पिकांत लेखनिकाची एक विनवणी आढळते. पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, तेव्हा ते तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखावे व मूर्खाच्या हाती देऊ नये, असा तिचा आशय असतो. ग्रंथसंवर्धनाचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र या विनवणीत आले आहे.

दुरुस्ती की नासाडी?

ग्रंथाचे शत्रू म्हणून वाळवी, कसर, ओल आणि उंदीर यांची नावे घेतली जातात. त्यांच्या पंक्तीला आणखी एक शत्रू बसवावा लागेल, तो म्हणजे हौशी नवी बांधणी. जुने पुस्तक बांधायला दिले, की बांधणीकार प्रथम जुना पुठ्ठा आणि अस्तराचे कागद काढून टाकतो. मग कडा सारख्या करण्यासाठी तीन बाजूंनी कापणी होते. समासातील टिपा, पत्रांक, कधीकधी मजकुराची अक्षरेही त्यात जातात. दोष एकट्या बांधणीकाराचा नसतो. त्याला पुस्तक टिकाऊ करायला सांगितलेले असते; काय राखायचे, हे कोणी सांगितलेले नसते.

पोथीच्या बाबतीत नुकसान याहून मोठे होते. सुटी पत्रे एका कडेला टोचे मारून पुस्तकासारखी बांधली, की तिकडचा समास शिलाईत जातो आणि पोथीचे रूपच नष्ट होते. चिकटपट्टीने जोडलेले फाटके पान काही वर्षांनी डिंकाच्या तपकिरी डागासह पुन्हा सुटते. प्लास्टिकच्या आवरणात तापवून बंद केलेले पान पुढे बाहेर काढता येत नाही.

संवर्धनशास्त्राचा पहिला नियम असा, की केलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या माणसाला पूर्ववत करता आली पाहिजे. म्हणून आज पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतात. पाण्याने ती सुटते. बांधणीकारांच्या पारंपरिक खळीत किडीसाठी मोरचूद घालत. नेहमीच्या वह्यांसाठी ते चालून गेले. दुर्मीळ ग्रंथासाठी ते टाळावे. तापमान आणि आर्द्रता यांत वारंवार होणारे चढउतार हे ग्रंथाला सर्वाधिक घातक. दिवसा तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा मधल्या खोलीतील लाकडी कपाट केव्हाही बरे.

पाहायला जाताना

विद्यापीठाचा दुर्मीळ विभाग पाहण्यासाठी संशोधक असणे आवश्यक नाही. मात्र हेतू स्पष्ट असावा लागतो. महाविद्यालयाचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र, ओळखपत्र आणि हव्या असलेल्या ग्रंथाचा सूचीक्रमांक सोबत असला, तर काम सुकर होते. आधी सूची पाहावी, मग ग्रंथ मागावा. टेबलावर शाईचे पेन ठेवू नये. टिपणे पेन्सिलीने घ्यावीत. हात धुऊन कोरडे करावेत. कागद हाताळताना हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटे बरी, कारण मोज्यांमुळे स्पर्श बोथट होतो आणि पान फाटण्याची शक्यता वाढते. शिवलेला ग्रंथ टेबलावर पूर्ण पसरू नये. दोन्ही पुठ्ठ्यांना उशीचा आधार द्यावा. फडताळातून पुस्तक काढताना कण्याचे वरचे टोक ओढू नये, दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित मागे सारून मधले पुस्तक धरावे.

ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रह उपलब्ध आहे. चित्रप्रतीमुळे मजकूर घरबसल्या वाचता येतो आणि मूळ प्रतीची हाताळणी कमी होते. तथापि, कागदाचा स्पर्श, शिलाईची जात आणि पुठ्ठ्यातील रद्दी पडद्यावर दिसत नाही. चित्रप्रत तयार झाली म्हणून मूळ ग्रंथ मोडीत काढणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

घरातल्या पोथीचे काय करावे?

अकलूज, नातेपुते, माळशिरस किंवा वेळापूर येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर एखादे बासन असण्याची शक्यता आजही आहे. वाडा पाडताना किंवा वाटणीच्या वेळी ते समोर येते. मोडी वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत जाते, पवित्र मानून नदीत सोडले जाते किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकले जाते. तिन्ही मार्गांनी ते हरवतेच.

असे बासन सापडल्यास पुढील गोष्टी कराव्यात. पत्रांचा क्रम बदलू नये. ती ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. जुने बासन जीर्ण असले, तरी फेकू नये. धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडात पोथी गुंडाळावी आणि जुने वस्त्र सोबत ठेवावे. डांबराच्या गोळ्या, चिकटपट्टी, टाचण्या आणि रबरी पट्ट्या वापरू नयेत. पोथी घरात कोठून आली, कोणाची होती, याविषयी वडीलधाऱ्यांना जे आठवते ते तारखेसह लिहून ठेवावे. ही माहिती दुसऱ्या कोणाकडेही मिळणार नाही.

पोथी घरीच ठेवायची की संस्थेला द्यायची, हा कुटुंबाचा निर्णय. द्यायची असल्यास लेखी पोच घ्यावी, नोंदवहीतील क्रमांक मागावा आणि मूळ मालकाचे नाव सूचीत येईल याची खात्री करावी. द्यायची नसल्यास निदान नोंद व चित्रप्रत करू द्यावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनी, वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांच्या देशव्यापी नोंदणीसाठी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची व जतनाची योजना जाहीर झाली. अशा योजनांचे यश दिल्लीत नव्हे, तर गावोगावच्या माळ्यांवर ठरते.

'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या आवृत्तीचे एखादे पान आजही कोठेतरी, एखाद्या जुन्या पुठ्ठ्याच्या पोटात असेल काय, हे कोणी सांगू शकत नाही. तो पुठ्ठा फेकला गेला, तर मात्र ते कधीच कळणार नाही. नकलाकाराने पाठ मोडून लिहिले, कोणा माउलीने वस्त्र धुऊन पुन्हा बांधले, चार पिढ्यांनी वेखंडाचा तुकडा बदलला, म्हणून ती पोथी आपल्यापर्यंत आली. आता गाठ सोडण्याची पाळी आपली आहे. ती सोडावी, आतील पाहावे, नोंदवावे आणि पुन्हा नीट बांधून ठेवावे. बासनात गुंडाळणे याचा मूळ अर्थ तोच होता.